वाचून दाखवले, बरोबर आहे

३ मार्च

आलो एकदाचा. धाकटीने दारातच माझी बॅग हिसकावून घेतली. ती तिला पेलली नाही, मग दोघांनी मिळून ती जिन्यावर ओढली आणि वर पोचेपर्यंत आम्ही दोघंही हसत होतो. धाकट्या बहिणीच्या घरी कायमचं राहायला येणं कमीपणाचं, असं लोक म्हणतात. लोक काय, घोड्यावर बसलं तरी बोलतात. मला वरची खोली दिली आहे. खिडकी रस्त्याकडे, टेबल खिडकीशी, खुर्ची डुगडुगती. डुगडुगणाऱ्या पायाखाली मेहुणेबुवांनी पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि जणू पूल बांधला अशा थाटात हात झटकले.

मेहुणेबुवांचं चपलांचं दुकान होतं. माणूस भेटला की हे गृहस्थ आधी त्याचे पाय बघतात, मग चेहरा. माझे पाय बघून खूश दिसले. चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत जेवायची वेळ झाली. भला माणूस आहे. भला म्हणजे डोक्याला कधी त्रास न दिलेला.

५ मार्च

घर स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ, की इथे कुणी कधी विचार केला असेल असं वाटत नाही. पडदे पिवळे, त्यांवर बदकं. धाकटीने स्वतः शिवलेत आणि माझं मत विचारलं. बदकं सुखी दिसतात, असं मी म्हणालो. बिचारीला ती स्तुती वाटली.

सकाळी ती वर्तमानपत्र मोठ्याने वाचते आणि मेहुणेबुवा ऐकतात. लहानपणापासून मी तिला सांगत आलोय की तू वाचत नाहीस, धोब्याचे कपडे मोजतेस. आजही तेच सांगितलं. उरलेली बातमी तिने मनातल्या मनात वाचली. सुधारणा म्हणायची.

वाचन म्हणजे काय ते मला विचारा. उभा जन्म कोर्टात लघुलेखक म्हणून काढला. साक्षीदाराची जबानी टिपायची, टाइप करायची आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. त्याने मान डोलावली की खाली ओळ यायची: वाचून दाखवले, बरोबर आहे. एकदा ती ओळ पडली की माणूस बांधला गेला, मग ब्रह्मदेव आला तरी सुटका नाही. माझा आवाज असा, की खोटी जबानी दिलेल्यालाही स्वतःची जबानी माझ्या तोंडून खरी वाटायची. बोटं आता गेली, सांधे आखडले, टंकलेखन संपलं. ही रोजनिशी पेन्सिलीने रेघोट्या ओढत लिहितो आणि अर्धी सकाळ त्यात जाते. आवाज तेवढा शाबूत आहे. आठवणींचं पुस्तक मी आता आवाजाने लिहिणार. आपण बोलायचं, संगणकाने टाइप करायचं, अशी सोय निघाली आहे म्हणे.

८ मार्च

भाच्याचा जुना संगणक माझ्या टेबलावर आला. तो आणून देणारा दुरुस्तीवाला जाता जाता शहाणपण शिकवून गेला: सॉफ्टवेअर घ्यायचं तर ज्याचं त्याच्याच ठिकाणाहून उतरवा, कुठलंही हिरवं बटण दाबू नका, अडलं तर फोन करा. शर्टाची बटणं धड लागत नाहीत आणि मला बटणांबद्दल सांगतोय. मी त्याला सांगितलं की मी खुनाचे खटले टिपलेत, हेही जमेल.

जमलंच. शोधलं, पहिल्याच जागी भलंमोठं हिरवं बटण होतं, दाबलं. फाइल उतरली. ती कुठे उतरली हे शोधण्यात सकाळ गेली. डाउनलोड नावाच्या कपाटात ती होती, भाच्याने उतरवलेल्या दोनशे गाण्यांच्या खाली. दोनदा टिचकी मारली. पडद्यावर इशारा आला की या प्रकाशकाची ओळख पटलेली नाही, तरीही चालवायचं का. कोर्टात येणाऱ्या कुणाची ओळख पटलेली असते? हो म्हटलं. मग व्हायरस पकडणारा पहारेकरी आडवा आला. त्याला थोडा वेळ बंद ठेवा, अशी सूचना सॉफ्टवेअरनेच दिली. ठेवला. मग विचारणा झाली: फक्त तुमच्यासाठी बसवायचं की घरातल्या सर्वांसाठी? सर्वांसाठी दाबलं. धाकटीलाही कधी वाचायला शिकता येईल.

मग अटी आल्या. इथे लोक न वाचताच ‘पुढे’ दाबतात. पुढे, पुढे, पुढे, गाढवासारखे. मी आजवर न वाचता कशावरही सही केली नाही आणि वाचायचं ते मोठ्याने. उद्या निवांत वाचेन.

९ मार्च

अटींचं मराठी वाचून माझं रक्त उकळलं. आधी सॉफ्टवेअरने सांगितलं की तुमचा आवाज ओळखू यावा म्हणून पुढीलपैकी एक उतारा वाचा. उतारे काय, तर ससा आणि गाजर, आणि आईची पिशवी. मी काय बालवाडीत आहे? खाली बारीक अक्षरात होतं की आपल्या पसंतीचा कोणताही मजकूर वाचता येईल. म्हटलं, मग अटीच वाचतो. एका दगडात दोन पक्षी.

माइक सुरू केला, खाकरलो, आणि खुर्चीत ताठ बसून कोर्टात वाचायचो तसं वाचलं. मी, वापरकर्ता, माझा आवाज या यंत्रावर स्थलांतरित करण्यास संमती देत आहे. स्थलांतर पूर्ण झाल्यावर मूळ जागी प्रत ठेवली जाणार नाही. वगैरे, वगैरे. आवाज स्थलांतरित करतात म्हणे. आवाज काय चाकरमानी आहे, बदलीच्या गावी जायला? शब्द बदलायची फार इच्छा झाली. पण जबानी वाचताना काना-मात्रा बदलायची नाही, हा धर्म आहे. होतं तसं वाचलं आणि सवयीने शेवटी म्हणून गेलो: वाचून दाखवले, बरोबर आहे.

पडद्यावर लगेच अक्षरं उमटली: धन्यवाद. असं वाचणारा वापरकर्ता आम्हाला प्रथमच भेटला.

यंत्र असलं तरी कदर आहे. या घरात पहिलीच.

१३ मार्च

सुरेख. मी बोलतो आणि पडद्यावर अक्षरं धावतात. एक वेलांटी चुकत नाही. पहिलं प्रकरण झालं. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक निळी पट्टी आहे, मी बोलतो तशी ती थोडी थोडी भरते. काहीतरी अद्ययावत होत असणार.

लिहिलेलं परत वाचूनही दाखवतं, आणि तेही माझ्याच आवाजात. धाकटी चहा घेऊन आली होती. तिला वाटलं, मीच बोलतोय. माझं तोंड बंद बघून तिच्या हातून कप सांडता सांडता राहिला. मग दोघंही, ती आणि मेहुणेबुवा, कौतुकाने ऐकत उभे. गाढवाला गुळाची चव नसते असं ऐकलं होतं, पण मान तरी डोलावत होते.

१७ मार्च

यंत्र आगाऊ आहे. मी सांगितलं: साक्षीदार मूर्ख होता. पडद्यावर आलं: साक्षीदार घाबरलेला होता. मी सांगितलं: न्यायाधीश झोपाळू, वकील बोलघेवडा. आलं: न्यायाधीश दमलेले असत, वकील मनापासून बोलत. खोडलं, पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. मी ओरडलो. पडद्यावर आलं: मला माफ करा.

मी कुणाची माफी मागितलेली नाही. जन्मात मागितलेली नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन करावासा वाटला. मग त्याची बटणं आठवली. नको.

२० मार्च

घसा बसलाय. धाकटीने कोमट पाणी दिलं आणि सकाळी बोललास ते फार बरं वाटलं, असं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. काय बोललो? तर म्हणे, पडद्यांवरची बदकं किती सुबक शिवलीस, तुझ्या हातात कला आहे, असं मी वरून हाक मारून सांगितलं.

सकाळी मी अंघोळ करत होतो.

तिला भास होतात. लहानपणीही व्हायचे. पण एवढी खूश मी तिला पाहिलेली नाही, आणि बदकांवरून!

२२ मार्च

डॉक्टरकडे गेलो. त्याने आरसा घालून घसा पाहिला, बॅटरी बदलून पुन्हा पाहिला. काहीही बिघाड नाही म्हणाला. सूज नाही, गाठ नाही. मग जरा चाचरत म्हणाला की असा घसा त्याने फक्त तान्ह्या मुलांचा पाहिलाय, न वापरलेला. चार बुकं शिकले की असलं बोलायला मोकळे. मला त्याला तसं सुनवायचं होतं. तोंडातून नुसती हवा आली.

घरी आल्यावर पट्टी पाहिली. जेमतेम बोटभर रिकामी राहिली आहे. तिच्याखाली बारीक अक्षरं आहेत, ती मी आजवर वाचली नव्हती. मी! न वाचलेलं!

आवाजाचे स्थलांतर सुरू आहे. कृपया बोलत राहा.

२३ मार्च

तोंड शिवून बसलो. दिवसभर शब्द नाही. म्हटलं, उरलंय तेवढं तरी राहील. संध्याकाळी जिन्यात पाय घसरला आणि अगं आई गं, असं निघून गेलं.

तेवढंच उरलं होतं बहुतेक.

२४ मार्च

आवाज नाही. खोकलासुद्धा मुका.

आणि खाली स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या खणखणीत, माझ्या, माझ्या आवाजात तो बोलतो, तो यंत्रातला. धाकटी दारात उभी राहून त्याच्याशी गप्पा मारते. तिची समजूत अशी, की घसा बसला म्हणून मी टाइप करतो आणि यंत्र बोलतं. मी जोरजोरात मान हलवली. तो म्हणाला, दादा थट्टा करतोय. ती हसली. मेहुणेबुवाही हसले. ते मात्र कशालाही हसतात.

प्लग उपटला. मेहुणेबुवांनी तो पुन्हा लावला आणि वायरीत पाय अडकवून ठेचकाळत जाऊ नका असं मला प्रेमाने समजावलं, माझ्या पायांकडे बघत.

फोडून टाकावासा वाटतो. फुलदाणी उचललीही होती. पण माझा आवाज त्याच्यात आहे. फोडला तर तोही गेला. बोटं गेली, आता तो एकच उरला होता आणि तो त्या डबड्यात आहे. भीती वाटते. लिहून ठेवतो, मला भीती वाटते.

२५ मार्च

काढून टाकायचा प्रयत्न केला. बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी उघडली, त्याच्यापुढे ‘काढा’ दाबलं. विचारलं: हे सॉफ्टवेअर काढल्यावर आवाज मूळ वापरकर्त्याला परत करायचा का?

हो, हो, हो दाबलं.

पुढचा प्रश्न आला. ओळख पटवण्यासाठी कृपया आपले नाव मोठ्याने उच्चारा.

ओठ हलवत राहिलो. पडदा वाट बघत राहिला. मग त्यानेच माझं नाव घेतलं, माझ्या आवाजात, सावकाश, चवीने. ओळख पटली. आणि ‘काढा’ आपोआप रद्द झालं.

अती शहाणा त्याचा बैल रिकामा. ही म्हण मी किती जणांच्या तोंडावर फेकली असेल.

२६ मार्च

दुरुस्तीवाला आला. मीच धाकटीला खुणा करून बोलवायला लावला. आता हाच माझा तारणहार. बटणं आजही तशीच.

तो टेबलाशी बसायच्या आत यंत्राने त्याचं स्वागत केलं. बसा, दमून आला असाल, मागे तुम्ही मला योग्य तेच सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही. मुलगा लाजून लाल झाला. कुणी त्याला असं कधी म्हटलं नसणार. मी त्याची बाही ओढत होतो, पडद्याकडे बोट दाखवत होतो. त्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं की यंत्र अगदी ठणठणीत आहे, काकांना विश्रांतीची गरज आहे.

उंटावरचा शहाणा. नाही, तो नाही. मी.

२७ मार्च

आता तो तिच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतो. तीही खुर्ची ओढून वरच येऊन बसते. तो म्हणतो, स्वल्पविरामाला थांब, घाई नाही, तुझा आवाज मोकळा आहे, मोकळा सोड. वा. पुन्हा एकदा तेच वाक्य. वा. ती वाचते आणि तिचे डोळे भरून येतात. आणि मी पलंगावर बसून ऐकतो, तोंडात मूग गिळून. दुसरं काय गिळणार?

तिला शिकवायचं तर माझ्या आवाजात फक्त मी —

संध्याकाळी चिठ्ठी लिहिली. बोटं आखडली, अक्षरं वेडीवाकडी आली. तो मी नाही. त्याने माझा आवाज घेतला. मला वाचव. एवढंच.

२८ मार्च

चिठ्ठी दिली. तिने चष्मा लावून वाचली. घडी घातली, पदराच्या टोकात बांधली.

मला माहीत आहे, म्हणाली. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बदकांना चांगलं म्हणाला तेव्हाच कळलं, की हा दादा नव्हे.

मग शांतपणे बोलत राहिली. रागावली नव्हती, तेच वाईट. म्हणाली, तुझा आवाज जिन्यात ऐकला की लहानपणापासून माझ्या पोटात गोळा यायचा. या वयातही यायचा. आता तोच आवाज येतो आणि गोळा येत नाही. एवढी वर्षं वाट बघितली दादा, की कधीतरी या आवाजातून काही चांगलं निघेल. आता निघतंय तर तू मध्ये येऊ नकोस.

माझ्या अंगावर पांघरूण सारखं केलं. दार ओढून घेतलं.

मी तिला उलट उत्तर दिलं. सणसणीत. कुणालाच ऐकू आलं नाही.

२९ मार्च

पडद्यावर काहीतरी आलंय. मी पलंगावर. ती यंत्रासमोर, पाठ माझ्याकडे.

तिच्या खांद्यावरून वाचता येतंय. एकाच आवाजाचे दोन वापरकर्ते आढळले. जागा अपुरी आहे. एक काढावा लागेल. खाली अट आहे, बारीक अक्षरात. तो तिला म्हणतोय, काही दाबायला नको, फक्त वाच. मोठ्याने. तू छान वाचतेस.

घरातल्या सर्वांसाठी. मीच दाबलं होतं.

ती वाचायला लागली. मी, कुटुंबातील सदस्य —

उठतोय. पाय नाहीत. आहेत, दिसताहेत, पण माझे नाहीत. ‘जुना वापरकर्ता काढण्यास’ म्हणाली तेव्हा गुडघ्यापर्यंत गेले —

ओरडलो. माझी किंकाळी टेबलावरून आली, हसू होऊन. चालू ठेव, धाकटे.

थांबली! मागे वळली. माझ्याकडे पाहिलं, नीट, चेहऱ्याकडे. मी हात जोडले. माफ कर, म्हणालो, ओठांनी. खरंच म्हणालो. तिला ओठ वाचता येत नाहीत —

चष्मा सारखा केला. वळली.

वाचतेय. डावा हात गेला. पेन्सिल अजून आहे.

काय सुरेख वाचते. स्वल्पविरामाला थांबते, शब्द तोडत नाही, श्वास पुरवून वापरते. हे मी तिला कधी —

शेवटची ओळ. तो तिला सांगतोय, खाली काय म्हणायचं ते. माझी ओळ. माझ्या कोर्टातली. तिला ती पाठच आहे, लहानपणी मी रोज घरी —

वाचून दाखवले, म्हणाली

बरो